महालक्ष्मीच्या पोटातले गहू

आमच्या घरी पाहुणे कमी येतात, पण झुरळ अजिबात येत नाही.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं आमच्या ह्यांचं मत आहे. ह्यांचं म्हणणं, कोणी दारात आलं की मी आधी त्याच्या पिशवीकडे बघते आणि मग चेहऱ्याकडे. बघतेच! माधवगंजातल्या भाजीच्या पिशवीच्या तळाशी काय काय बसून घरात येतं हे ज्याला ठाऊक आहे, तो आधी पिशवीच बघेल. चेहरा काय, नंतरही बघता येतो.

ग्वाल्हेरचं हवामान माणसांना सोसत नाही, किड्यांना मात्र बारा महिने मानवतं. चैत्र लागला की ओट्यावर लाल मुंग्या. ज्येष्ठात लूच्या झळा सुरू झाल्या की कूलर निघतात, आणि कूलरच्या टंकीत मच्छर बाळंतपणाला येतात. पावसाळ्यात दिव्याभोवती उडती वाळवी, कपाटात कसर, नालीतून झुरळं. आणि थंडीत, बाहेर हात दिसत नाही असा कोहरा पडला की उंदीर सरळ रजईत शिरतो, घरच्या माणसासारखा. या सगळ्यांसाठी माझी तयारी एक ऋतू आधी असते. कडुनिंबाचा पाला मी चैत्रातच सावलीत वाळवून ठेवते. वेखंडाच्या पुरचुंड्या पावसाच्या आधी ट्रंकांमध्ये जातात. नालीत दर अमावस्येला सोड्याचं उकळतं पाणी ओतते (पौर्णिमेलाही ओतते, पण ते ह्यांना माहीत नाही). दिवाळी सरली की खिडक्यांच्या फटी मी हाताने बुजवते, त्या होळीलाच उघडतात. तोवर घरात माणसंही जरा गुदमरतात, पण उंदीर येत नाही.

यात माझं फार कौतुक नाही, हे रक्तातच आहे असं मी सगळ्यांना सांगत असे. आमचं सासरचं घराणं दख्खनेतून इथे आलं ते दरबाराच्या धान्यकोठारावर कारकून म्हणून. पिढ्यान् पिढ्या यांनी सरकारी गहू सांभाळला. आता ते रक्त ह्यांचं, माझं नाही, ही गोष्ट कोणी बोलून दाखवत नसे. नात्यात कोणाच्याही घरी काही चावलं, पोखरलं किंवा वळवळलं की फोन मला यायचा. आणि मी उपाय सांगायची. उपायाच्या आधी, हे झालंच कसं, तेही सांगायची.

आता महालक्ष्म्यांकडे येते.

आमच्याकडे भाद्रपदात उभ्याच्या महालक्ष्म्या असतात. पत्र्याच्या दोन पोकळ कोठ्या, मोठ्या डब्यासारख्या. त्यांत धान्य भरायचं, वर मुखवटे ठेवायचे, साड्या नेसवायच्या. तीन दिवस देवी माहेरी राहते, जेवते आणि जाते. तिच्या पोटातलं धान्य मग घरोघर वाटतात. आधी माहेरवाशिणींना, मग जावा-सुनांना. ज्याने त्याने तो पसा आपापल्या वर्षाच्या गव्हात मिसळायचा, म्हणजे घरात अन्न कमी पडत नाही. ही आमची रीत. दुसऱ्या कोणाकडे असेल नसेल, आमच्याकडे त्या पशावाचून कोणाची टाकी बंद होत नाही.

महालक्ष्म्या पूर्वी थोरल्या जाऊबाईंकडे असायच्या, बिर्लानगरला. मी त्यांना वहिनी म्हणते. दादा, म्हणजे माझे थोरले दीर, मिलमध्ये होते. मिल बंद पडली, तरी त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये महालक्ष्म्या कधी चुकल्या नाहीत. सोळा भाज्या, पुरण, आंबील, दारात पावलं, सगळं वहिनी एकट्या करायच्या. पण गुडघे गेले. एका वर्षी देवीपुढे वाकल्या, तर दोन बायकांनी धरून उठवल्या. तेव्हा ठरलं की पुढच्या वर्षापासून महालक्ष्म्या माझ्याकडे.

मला किती आनंद झाला ते सांगून कळणार नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या मनात होतं. वहिनींनी मुखवट्यांचा डबा माझ्या ओटीत दिला तेव्हा त्यांचा हात डब्यावरून लवकर सुटेना. डोळे भरले होते. म्हणाल्या, "सुधा, गव्हाचं तेवढं सांगते, नीट ऐक."

मी म्हटलं, "गव्हाचं मला नका सांगू वहिनी. तेवढं मला कळतं."

त्यांनी डब्यावरचा हात काढून घेतला. माझी नणंद, नया बाजारच्या कुमुदवन्सं, तिथेच होत्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी इतरांच्या पिशवीकडे बघते.

तर वहिनींकडच्या महालक्ष्म्यांमध्ये मला एकच गोष्ट खटकायची. देवीच्या पोटात जायचे ते गहू त्या रोजच्या टाकीतूनच काढायच्या. ज्या टाकीत घरातल्या सगळ्यांचे हात जातात, त्याच टाकीतून! मी ठरवलं, माझ्या घरी देवीचे गहू सोवळ्यात होतील. आषाढ संपता संपता मी उत्तम गहू निवडून घेतले आणि श्रावण लागताच ते धुतले. गंगाजल घालून, तीन पाण्यांनी धुतले. आणि नेमकी पावसाने जी झड धरली ती सोडेना. गच्चीवर ऊन नाही. मग देवघराच्या खोलीत पंख्याखाली चादर पसरली. सुनेच्या, ऋतुजाच्या, खोलीतला टेबलफॅनही आणला. टेबलफॅन सोवळ्यात चालतो की नाही असा प्रश्न पडला, म्हणून त्यालाही ओल्या फडक्याने पुसून घेतलं. त्याचा मला असा झटका बसला की मी दोन हात मागे जाऊन बसले. तरी गव्हाला कोणाला शिवू दिलं नाही.

ऋतुजा दारातून म्हणाली, "आई, पूरे सूखे नहीं हैं ना अजून. वाटतात तरी तसे."

ही मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. वाक्य मराठीत सुरू करते की हिंदीत, तिला स्वतःला कळत नाही. मी तिला म्हटलं, तू लांबून बोल. तिने लांबून बोलणंही बंद केलं. पंख्याखाली गहू हाताला कोरडे लागले तसे मी ते मोठ्या डब्यात भरले, तोंडावर धूतवस्त्र बांधलं, वर झाकण दाबलं आणि डबा देवघरात उंच फळीवर ठेवला. आता देवी येईपर्यंत या डब्याला कोणी हात लावायचा नाही, असा घरात नियम केला. नियम मलाही होता. घरातला प्रत्येक डबा मी आठवड्याला उघडून बघते, हुंगते, हात घालून ढवळते. हा एकच डबा असा होता की ज्याला मी महिनाभर बोट लावलं नाही, कारण तो सर्वांत शुद्ध होता.

महालक्ष्म्या आल्या. मी रेशमी साडी नेसून, ओल्या केसांनी, डब्याचं झाकण काढून गहू सरळ कोठ्यांत ओतले. चष्मा काढून ठेवला होता, कारण चष्म्याची दोरी सुती आणि ती मी रोज गळ्यात घालून बाजारात जाते. मुखवटे बसवले, साड्या नेसवल्या. काय सुंदर दिसत होत्या दोघी! वहिनी खुर्चीवर बसून बघत होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "ज्येष्ठेच्या निऱ्यांवर काहीतरी चाललंय गं." मी वाकून बघितलं. काळा, तिळाएवढा एक जीव निऱ्यांवरून संथपणे खाली उतरत होता. मी तो अंगठ्याने टिपला आणि म्हटलं, पत्रीतून आला असेल. दुसऱ्या दिवशी आणखी काही उतरले. मी पत्री आणणाऱ्या माळणीला चार शब्द सुनावले. ती बिचारी म्हणाली, बाईजी, हम तो धोकर लाए थे. मी म्हटलं, धुतलं की किडे होतात का कधी!

(हे वाक्य मी म्हटलं आहे. घरातल्या सर्वांनी ऐकलं आहे.)

देवी गेली. कोठीतले गहू मी पुरचुंड्यांमध्ये बांधले आणि ज्याला त्याला दिले. कुमुदवन्संना, दोघी चुलत जावांना, वहिनींना. सगळ्यांनी डोक्याला लावून नेले आणि आपापल्या टाकीत, अगदी आत हात घालून, नीट मिसळले. डब्याच्या तळाशी थोडे उरले होते, ते मी तसेच फळीवर ठेवले. पुढच्या वर्षीच्या गव्हात मिसळायचे म्हणून. माझ्या स्वतःच्या टाकीत मात्र मिसळायचं राहून गेलं, कारण दुसऱ्याच दिवशी मला ताप भरला. देवी अशी पाठीशी उभी राहते.

पितृपक्ष लागला, ऊन कडक झालं, आणि पहिला फोन आला कुमुदवन्संचा. आवाज पडलेला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग म्हणाल्या, "सुधा, गव्हात घुन झालाय गं."

घुन म्हणजे टोके. गव्हाचा दाणा आतून पोखरून पीठ करणारे. आम्ही इथे घुनच म्हणतो. कुमुदवन्सं, ज्यांनी मला त्या नजरेने बघितलं होतं, त्या आज माझ्याकडे घुनावर उपाय विचारत होत्या. मी खुर्ची ओढून बसले. पाला वाळवून घातला होता का, टाकी कोरडी होती का, ओल्या हाताने गहू काढता का, सगळं विचारलं. त्या प्रत्येकाला हळूच उत्तर देत होत्या. शेवटी मी म्हटलं, "वन्सं, पावसाळ्यात टाकीकडे लक्ष नाही दिलं तर घुन नाही येणार, तर काय मोर येणार?"

मग एका चुलत जाऊचा आला. मग दुसरीचा. मला जरा नवल वाटलं, पण वाईट वाटलं असं म्हणवत नाही. पाल्याच्या जुड्या घेऊन मी एकेकीकडे जातीने गेले. टाक्यांत डोकावले. नाकाला पदर लावला.  आता कळतं, सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती बोलायची कोणाची छाती नव्हती. देवीच्या प्रसादात किडे होते असं कोण म्हणणार? त्यापेक्षा आपल्याच हाताला खोट आहे असं म्हणणं सोपं. सगळ्या खाली मान घालून माझं ऐकत होत्या.

आणि मग सासऱ्यांचं श्राद्ध आलं. तेही माझ्याच घरी. पानं उठली, बायका मागे बसल्या, आणि कोणीतरी घुनाचा विषय काढला. मी उभी राहिले. (बसून बोलता आलं असतं.) धान्य कसं राखावं यावर मी बोलले. कोठारावरच्या पूर्वजांपासून सुरुवात केली. आणि शेवटी म्हटलं, "ज्या घरी देवीने दिलेला दाणा टिकत नाही, त्या घरच्या बाईने आपलं काय चुकलं ते शोधावं."

वहिनी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी विड्याच्या पानाचा देठ मोडला होता, तो हातातच राहिला. निघताना माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि गेल्या. त्यांच्याकडे घुन झाला आहे की नाही हे मी विचारलंही नव्हतं. वहिनी फोन करणाऱ्यांतल्या नव्हेत.

पुढे काही दिवसांनी दादांचा फोन ह्यांना आला. दादा फोनवर ओरडून बोलतात, म्हणून मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. तुझी वहिनी पोळी खात नाही. श्राद्धावरून आली तेव्हापासून गहू सोडला आहे. दिवसभर उन्हात बसून गहू निवडते. आणि म्हणते, नवरात्राच्या पहिल्या दिवशी टेकडीवरच्या देवीला अनवाणी जाणार, सगळ्या पायऱ्या चढणार. डॉक्टर म्हणाले, पायऱ्या चढलात तर पुन्हा चालणार नाही. ती म्हणते, नाही चालले तर नाही.

ह्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, वहिनींच्या टाकीतही घुन असणार. ह्यांनी मान हलवली. मग मी म्हटलं, सगळ्यांच्याच कसा? नया बाजारला वेगळी टाकी, बिर्लानगरला वेगळी, गहू वेगळ्या दुकानांतले. सगळ्यांत एक गोष्ट काय सारखी आहे?

हे प्रश्न मी मोठ्याने विचारत होते. त्याच वेळी ऋतुजा देवघरातून फळी पुसता पुसता म्हणाली, "आई, इस डिब्बे के गेहूँ चल रहे हैं."

मी गेले. धूतवस्त्र सुटलेलं होतं. चष्मा लावून आत बघितलं. डब्याच्या तळाशी उरलेले गहू खरोखर चालत होते. दाणे कमी आणि जीव जास्त, आणि सगळा डबा पांढऱ्या पिठाने धुरकटलेला. माझ्या सोवळ्याच्या डब्यात, गंगाजलात धुतलेल्या गव्हात, एवढं मोठं गाव वसलं होतं. दमट दाणे, श्रावणाची ऊब, घट्ट झाकण, आणि महिनाभर कोणाचा हात नाही. घुनाला आणखी काय हवं असतं? मी स्वतः बांधून, कुंकू लावून, त्यांना घरोघर पोचवलं होतं. आणि वर प्रत्येक घरी जाऊन, हे आले कसे, म्हणून विचारलं होतं.

 कुमुदवन्सं काय म्हणतील हे आधी मनात आलं, खोटं कशाला बोलू. महालक्ष्म्या माझ्याकडून काढून घेतील हेही आलं. मी ह्यांना म्हटलं, वहिनींना गुडघ्यांचं कारण सांगून थांबवू या, बाकीचं हळूहळू बघू. हे म्हणाले, "गुडघे तिला तुझ्याआधीपासून माहीत आहेत. ते ऐकून ती थांबायची असती तर कधीच थांबली असती."

हे फार बोलत नाहीत. बोलतात तेव्हा मला आवडेल असं बोलत नाहीत.

मी डबा पिशवीत घातला आणि ई-रिक्षाने बिर्लानगरला गेले. रिक्षावाल्याला माझ्या पिशवीतून काहीतरी बाहेर येताना दिसलं. तो म्हणाला, माताजी, आपके थैले में कीड़े हैं. मी म्हटलं, पता है. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझी पिशवी आधी बघत होतं.

वहिनी अंगणात होत्या. जुनी साडी अंथरून तिच्यावर गहू पसरले होते. गुडघे वाकत नाहीत म्हणून पाय सरळ लांब करून बसल्या होत्या आणि जमेल तेवढं पुढे झुकून, एकेक मूठ ओढून निवडत होत्या. ऊन डोक्यावर आलं होतं. कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं. मला बघून हसल्या आणि उठायला गेल्या. मी खांदा दाबून बसवलं.

मी पोळीचं विचारलं. म्हणाल्या, भूक नसते आताशा. मी हवामानावर बोलले. यंदा दमटपणा फार, सगळ्यांचंच धान्य खराब झालं आहे, तुमचं एकटीचं नाही. त्या निवडत राहिल्या.

मग त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे झाले का?"

मी म्हटलं, "माझ्या टाकीत नाही."

"मग? हवामान तर तुझ्याकडेही हेच आहे." त्यांनी मूठ खाली ठेवली. "सुधा, तू श्राद्धाला बोललीस ते बरोबर बोललीस. मी घरी येऊन विचार केला, काय चुकलं. तर हेच चुकलं. इतकी वर्षं ती माझ्याकडे यायची. माझे गुडघे दुखतात म्हणून मी तिला दुसऱ्या दारी पाठवली. म्हातारी आई जड झाली की धाकट्याकडे पाठवतात ना, तशी. तिला राग येणार नाही? तिने दिलेला पसा माझ्या घरात आला आणि माझं वर्षाचं अन्न नासलं. आता तिच्या पायऱ्या चढून माफी मागते. मग माझं काही होवो."

हे सगळं त्या शांतपणे बोलल्या. रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मला माझाच राग आला. मी पिशवीतून डबा काढला आणि त्यांच्यापुढे उघडला.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ आत बघितलं.

"हे कोणाकडचे?"

"माझ्याकडचे."

"तू तर म्हणालीस, तुझ्या टाकीत नाहीत."

"टाकीतले नाहीत. देवीचे आहेत. सोवळ्यातले. यांच्यातलेच मी सगळ्यांना वाटले."

वहिनींनी डब्यात बोट घातलं, दाणे चोळले, वास घेतला. कोठाराचं रक्त त्यांच्यातही नाही, त्याही माझ्यासारख्या बाहेरूनच आलेल्या. पण त्यांनी बोटावरचं पीठ बघितलं आणि मान वर केली.

"गहू धुतलेस?"

"हो."

"श्रावणात?"

"सोवळं म्हणून."

"आणि भरायच्या आधी हात घालून बघितलं नाहीस?"

"सोवळं म्हणून."

वहिनींनी डोळे मिटले. "मी तुला तेच सांगत होते त्या दिवशी. धुवू नकोस म्हणून. माझ्या पहिल्या वर्षी मीही धुणार होते, सासूबाईंनी हात धरला. उन्हात घातलं की झालं सोवळं, म्हणाल्या. तू ऐकलंच नाहीस."

मी म्हटलं, "वहिनी, देवी तुमच्यावर रागावलेली नाही. हे किडे माझे आहेत."

मग त्या रडल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, आतून रडल्या. मीही रडले. दादा दारात आले, दोघींकडे बघितलं, काय झालं म्हणून ओरडून विचारलं. वहिनींनी डोळे पुसले आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, ती रागावली नाही. सुधाने गहू धुतले." दादांना काही कळलं नाही, पण ते समाधानाने आत गेले.

मग वहिनी हसायला लागल्या. हळूहळू सुरू झालं आणि थांबेना. पुढ्यातले गहू उधळले. मला म्हणाल्या, पीठ आहे आत गेल्या महिन्याचं, चांगलं आहे, पोळ्या कर. मी पोळ्या केल्या. त्यांनी तूप लावून, गुळाबरोबर खाल्ल्या, पुन्हा मागून घेतल्या. मी समोर बसून बघत होते. त्यानंतर संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी गहू निवडले. म्हणजे मी निवडले, त्यांनी कुठे राहिलं ते दाखवलं.

कुमुदवन्संना कोणी सांगायचं हा प्रश्न होता. मी म्हटलं, मी सांगते. वहिनी म्हणाल्या, तू नको, तू आधी पूर्वजांपासून सुरुवात करशील. आणि त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं, सोवळं, श्रावण, टेबलफॅन.  मग वहिनी म्हणाल्या, "बघ ना कुमुद. माझ्याकडे होती तेव्हा ती सवाष्णींनाच जेवू घालायची. सुधाकडे पहिल्याच वर्षी केवढी पंगत उठवली."

महालक्ष्म्या माझ्याकडून कोणी काढून घेतल्या नाहीत. वहिनींनीच तसं सांगितलं सगळ्यांना. यंदाही त्या आमच्याकडेच आल्या. फक्त देवीचे गहू बिर्लानगरहून येतात, वहिनींच्या रोजच्या टाकीतले. त्या ते अंगणातल्या उन्हात घालतात आणि भरायच्या दिवशी स्वतः रिक्षातून घेऊन येतात. खुर्चीवर बसतात. कुमुदवन्सं आणि दोघी चुलत जावा आपापली चाळणी घेऊन येतात, सगळ्यांचे चष्मे डोळ्यांवर असतात. गहू चाळून होतात, हात घालून बघून होतात, आणि मग कोठीत जातात. मला पत्री निवडायला बसवतात. पत्रीची माळीणही आता माझ्या हातातून पानं काढून घेते आणि स्वतः बघते.

बाकी माझी पद्धत चालू आहे. चैत्रात पाला वाळतो, अमावस्येला नालीत पाणी पडतं, थंडीत खिडक्या बुजतात. माझ्या घरी अजूनही झुरळ येत नाही. पण हल्ली नात्यात कोणाच्याही गव्हात, रव्यात, डाळीत एखादा जीव हलताना दिसला की फोन येतो. उपाय कोणी विचारत नाही. एवढंच सांगतात, "सुधा, तुझे पाहुणे आलेत गं." आणि मी चाळणी घेऊन त्यांना आणायला जाते.